गाव सोडून गेलेल्याची बातमी तुम्ही सगळ्यांनी मिळून छापा

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या दैनिकांचे व साप्ताहिकांचे संपादक,
तसेच जिल्हा आणि तालुका पत्रकार संघांचे पदाधिकारी व सभासद यांस

सप्रेम नमस्कार.

मी पेपर विकतो. खाडीकाठच्या एका बाजारपेठेत, एसटी स्टँडला लागून माझं दुकान आहे. तीसहून जास्त वर्षं पहाटेच्या गाडीतून गठ्ठे उतरवून घेतो, पुरवण्या आत घालतो आणि साडेसहाच्या आत पोरांना लाइनवर पाठवतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या पेपरचा मी एजंट आहे, पण या पत्राखाली माझं नाव नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचे आईवडील अजून गावातच राहतात, आणि माझ्या नावावरून त्याच्या नावापर्यंत पोचायला कुणाला वेळ लागणार नाही.

तो आमच्याकडचा वार्ताहर. रोज सकाळी गठ्ठ्याची सुतळी सुटायच्या आधी दुकानाच्या फळीवर येऊन बसायचा. पेपर हातात आला की आपली बातमी शोधायची, किती कापली, कुठल्या पानावर टाकली, मथळा बदलला का ते बघायचं, मग चहा. चहा मी सांगायचो, पैसे हट्टाने तो द्यायचा. आज तो भिवंडीकडे एका गोडाउनमध्ये माल मोजतो. दीड वर्ष होत आलं.

गावाला वाटतं, नोकरीसाठी गेला. कोकणातून माणूस मुंबईला गेला तर कुणाला त्यात काही वेगळं दिसत नाही, पिढ्यान्‌पिढ्या आमची माणसं जातच आलीत. चाकरमानी झाला म्हणायचं आणि गणपतीत येईल, शिमग्याला येईल म्हणून वाट बघायची. हा दोन्हीला आला नाही. त्याच्या घरच्या गणपतीची आरती गेल्या वर्षी त्याच्या सत्तरीच्या बापाने एकट्याने केली. दुसऱ्या एखाद्या देशात पत्रकाराला पळून जावं लागलं तर त्याला परागंदा म्हणतात, त्याची जगभर बातमी होते. आपल्याकडे तोच माणूस चाकरमान्यांच्या गर्दीत मिसळून जातो आणि तो गेला हे कळतसुद्धा नाही. माझं मुख्य दुखणं हेच आहे.

त्याने लिहिलं होतं ते वाळूवर. तुम्हाला हा विषय मी समजावून सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. परवाना असतो हातपाटीचा, म्हणजे माणसाने बुडी मारून पाटीने वाळू काढायची. प्रत्यक्षात रात्री खाडीत सक्शन पंप चालतात. वाळू वाहून न्यायचा पास एका खेपेचा, त्यावर खेपा पाच. पहाटे डंपर नंबरप्लेटवर चिखल फासून हायवेला लागतात. महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बोट, पंप, डंपर सगळं जप्त करता येतं, दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत घेता येतो. पण महसूल खात्याचं पथक निघालं की ते बंदरावर पोचायच्या आत खाडी रिकामी झालेली असते. इकडे तळ खरवडला गेला की काठ ढासळतो, खारं पाणी अडवणारे खारबंदिस्तीचे बांध फुटतात, खाजणातली शेती जाते, विहिरीचं पाणी मचूळ होतं. आमच्या बायका ओहोटीला तिसऱ्या आणि मुळे, म्हणजे शिंपले, काढायला जायच्या, त्या आता बाजारातून विकत आणतात.

हे सगळं लिहिणारे आधीही होते. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. बोटी कुणाच्या नावावर आहेत, डंपर कुणाच्या नावावर आहेत आणि ती नावं सरकारी ठेक्यांच्या यादीत, पक्षाच्या कार्यकारिणीत आणि पथकातल्या माणसांच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुठे कुठे सापडतात, हे तो माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून जुळवत बसला. दोन बातम्या छापून आल्या. तिसरी आलीच नाही.

आधी फोन आले. मग त्याच्या भावाच्या दुकानाची तपासणी झाली. मग एका रात्री घाटीत त्याच्या मोटरसायकलला मागून गाडी चिकटून चालली, पार वस्तीपर्यंत. आणि शेवटी त्याच्यावरच खंडणीचा तक्रार अर्ज झाला, बातमी न छापण्यासाठी पैसे मागितले म्हणून. तालुक्यात ही तक्रार काय करते ते तुम्ही जाणता. मारहाण झाली असती तर लोक त्याच्या बाजूने उभे राहिले असते, पण पैसे मागितल्याचं नुसतं कानावर आलं आणि जवळचेसुद्धा दोन हात लांब झाले. त्याने आपल्या पेपरच्या ऑफिसला फोन केला. उत्तर मिळालं की तो आमचा कर्मचारी नाही, बातमीदारीशी त्याचा संबंध मानधनापुरता. संघाच्या ग्रुपवर त्याने सगळं लिहून टाकलं. खाली दोघांनी हात जोडले आणि त्याच्या पाठोपाठ कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक सुरू झाले. तो मेसेज त्याने मला याच फळीवर बसून दाखवला होता.

आठवड्याने तो पहाटेच्या मुंबई गाडीने गेला. गठ्ठे उतरत होते, त्याच गाडीत चढला.

तेव्हापासून मी दुकानात बसून दुसऱ्या देशांतल्या अशा माणसांबद्दल मिळेल ते वाचतो. त्यातल्या एका पेपरबद्दल तुम्हाला सांगायचंय. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर नावाचा छोटा देश आहे, लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. तिथे १९९८ साली काही तरुणांनी 'एल फारो' नावाचं वृत्तपत्र सुरू केलं, कागदावर न छापता नुसतं इंटरनेटवर. एल फारो म्हणजे दीपगृह. आपल्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला हे नाव वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

त्या देशात 'एमएस-१३' आणि 'बारियो १८' या टोळ्यांनी वर्षानुवर्षं वस्त्या वाटून घेतल्या होत्या. दुकानदाराने हप्ता द्यायचा, बसवाल्याने हप्ता द्यायचा, नाही दिला तर जीव जायचा. २०१९ मध्ये नायीब बुकेले राष्ट्राध्यक्ष झाले आणि खून कमी होऊ लागले. सरकार म्हणालं, ही आमच्या योजनेची करामत. सप्टेंबर २०२० मध्ये एल फारोने तुरुंगातल्या नोंदवह्या आणि गुप्तचर अहवाल समोर ठेवून दाखवलं की सरकारचे अधिकारी तुरुंगात जाऊन टोळीच्या म्होरक्यांशी वाटाघाटी करत होते. तुरुंगात सवलती द्यायच्या, त्याबदल्यात खून कमी करायचे आणि निवडणुकीत पाठबळ. ती बातमी येऊन महिना व्हायच्या आत राष्ट्राध्यक्षांनी देशभर दाखवलेल्या भाषणात सांगितलं की या पेपरची मनी लाँडरिंगसाठी चौकशी सुरू आहे. आमच्याकडे खंडणी, तिकडे मनी लाँडरिंग. हत्यार तेच आहे: बातमीबद्दल बोलायचं नाही, बातमी लिहिणाऱ्याचा हात पैशात घातलेला दाखवायचा.

पुढे जानेवारी २०२२ मध्ये तज्ज्ञांनी त्या पेपरच्या २२ जणांच्या फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरल्याचं शोधून काढलं. मार्चमध्ये तीन दिवसांत ८७ खून झाले. सरकारने आणीबाणीसारखी परिस्थिती जाहीर केली, हजारोंना आत टाकलं, आणि एप्रिलमध्ये टोळ्यांचे संदेश छापणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा केला. पुढच्याच मे महिन्यात एल फारोने एका सरकारी अधिकाऱ्याच्या टोळीवाल्यांशी झालेल्या बोलण्याच्या ध्वनिफिती बाहेर काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये पेपरने आपलं कायदेशीर बिऱ्हाड मध्य अमेरिकेतल्याच कोस्टा रिकात हलवलं. मे २०२५ मध्ये 'बारियो १८'च्या म्होरक्यांच्या तोंडूनच सरकारशी असलेल्या संबंधांची हकिगत व्हिडिओवर आणली आणि मग अटकेची टांगती तलवार आली तेव्हा त्यांच्या पत्रकारांना देश सोडावा लागला. त्या वर्षी त्या देशातून चाळीसभर पत्रकार बाहेर पडले.

यातली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. तिथली बरीचशी सामान्य माणसं राष्ट्राध्यक्षांवर खूश आहेत. खरोखरच आहेत. कालपर्यंत संध्याकाळी दार लावून बसणारी बाई आज रस्त्यावर फिरू शकते, तिला तुरुंगातल्या नोंदवहीचं काय? मी तिला नावं ठेवणार नाही. आमच्याही बाजारात लोक म्हणतात, वाळूमुळे चार पोरांना काम मिळालं, रस्ता झाला, देवळाचा सभामंडप झाला, कशाला खोदून काढता? देवळाला देणगी कुठून आली हे विचारणारा माणूस गावाला नकोसा होतो. पत्रकार एकटा पडतो तो सरकारमुळे किंवा गुंडामुळेच असं नाही, समाधानी शेजाऱ्यांमुळेही पडतो. म्हणूनच त्याच्या जातभाईंनी, म्हणजे तुम्ही, त्याला सोडता कामा नये.

फरक इथेच आहे. एल फारोची माणसं देशाबाहेर गेली, बातमी गेली नाही. ती एकाची नव्हती, सगळ्या पेपरची होती, म्हणून ती बाहेरूनही छापून येत राहिली. आमचा माणूस फक्त भिवंडीपर्यंत गेला आणि बातमी संपली.

हद्दपारी तर या मातीने जवळून पाहिली आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 'केसरी'तल्या लेखांसाठी १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा देऊन त्याच मंडालेत धाडलं. टिळक तुरुंगात होते तेव्हा 'केसरी' निघत होता. संपादक गेल्यावर अंक बंद ठेवायचा नसतो, ही रीत आपल्याच पत्रकारितेत होती.

आणि न छापलेल्या बातमीची किंमतही या किनाऱ्याने पाहिली आहे. 'लँडिंग', म्हणजे चोरटा माल किनाऱ्यावर उतरवणं, हा शब्द श्रीवर्धनपासून खाली शाळकरी पोरांनाही माहीत होता. चांदी उतरायची, घड्याळं उतरायची, कुणाला किती पोचतं हे बंदरावर उघड बोललं जायचं. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला माल उतरला तेव्हा वाटेतल्या सरकारी माणसांनी नेहमीसारखाच तो जाऊ दिला. या वेळी त्यात शस्त्रं आणि आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पुढे दहशतवादविरोधी टाडा कायद्याखालच्या न्यायालयाने कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही दोषी ठरवलं, आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्याच १९९३ साली केंद्राचे गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या समितीने राजकारणी, नोकरशाही आणि गुन्हेगारी टोळ्यांच्या साट्यालोट्यावर अहवाल दिला. तो संसदेत आला १९९५ मध्ये, आणि तोही नावांशिवाय. दिल्लीत नावं झाकली जातात ते मी समजू शकतो. पण बंदरावर जे सगळ्यांना ठाऊक होतं, ते वेळेवर पहिल्या पानावर आलं असतं तर? मी तेव्हा नुकताच गठ्ठे उचलायला लागलो होतो. मुंबईत नोकरीला असलेला आमचा एक शेजारी त्या दिवशी गेला.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली तेव्हा मला पहिल्यांदा तोच प्रश्न पडला: हे लाटांनी आणलं म्हणून दिसलं, जे लाटा आणत नाहीत त्याचं काय?

पत्रकार शशिकांत वारिशे यांचं नाव मी इथे जपून घेतो. ६ फेब्रुवारी २०२३, राजापूर. सकाळी त्यांची बातमी छापून आली, तिथे होऊ घातलेल्या तेल रिफायनरीच्या बाजूने जमिनीचे व्यवहार करणाऱ्या माणसाच्या मोठ्या नेत्यांसोबतच्या बॅनरबद्दल. दुपारी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच अटक झाली. खुनाचं कलम लागावं म्हणून राज्यभरातल्या पत्रकारांना आवाज उठवावा लागला. तो तुम्ही उठवलात, एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली गेली, घरच्यांना मदत जाहीर झाली. म्हणजे तुम्ही एकत्र आलात तर काय होतं हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. पण त्यासाठी आधी माणूस मरावा लागला. जो मेला नाही, नुसता उठून गेला, त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही.

राज्यात पत्रकार संरक्षण कायदा आहे. २०१७ साली विधिमंडळाने केला, २०१९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण या कायद्याने पत्रकार कोण? तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यम संस्थेत नेमलेला आहे तो. संपादक मंडळी, तुमच्या तालुक्यांच्या वार्ताहरांपैकी किती जणांना तुम्ही कागदावर नेमलं आहे? बहुतेकांच्या हातात एक ओळखपत्र असतं, तेही मुदत संपलेलं. पगार नाही. जाहिरातीवर कमिशन मिळतं. दिवाळीचं टार्गेट, पंधरा ऑगस्टचं टार्गेट, साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी. पुरवणीतले फोटो मी स्वतः आत घालतो, मला ते चेहरे पाठ आहेत. ज्याच्या बोटीबद्दल लिहायचं त्याच्याच दारात अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी जाऊन उभं राहायचं, आणि नंतर कुणी खंडणीची तक्रार केली की तीच जाहिरातीची पावती पुरावा म्हणून पुढे येते. आमच्या माणसाच्या तक्रार अर्जाला अशीच एक पावती जोडलेली होती. तुमच्याच माणसाने तुमच्यासाठी आणलेल्या पैशाची. हे मला रात्री झोपू देत नाही.

तुमच्यात पाकीट घेणारे नाहीत असं मी म्हणत नाही, मी बाजारात बसतो. पण जो पाकीट घेतो त्याला गाव सोडावं लागत नाही, एवढं मी इतक्या वर्षांत नक्की पाहिलं आहे.

आता माझं मागणं.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात डॉन बोल्स नावाचा बातमीदार होता, गुन्हेगारी आणि जमिनीच्या घोटाळ्यांवर लिहायचा. जून १९७६ मध्ये त्याच्या मोटारीखाली बॉम्ब ठेवून त्याला मारलं. त्यानंतर देशभरातल्या वेगवेगळ्या पेपरांचे ३८ पत्रकार तिथे गेले, एकमेकांशी स्पर्धा करणारे, आणि मिळून त्याचा विषय पुढे नेला. खुन्याला पकडायला ते गेले नव्हते. माणूस मारून बातमी मरत नाही, एवढं त्यांना दाखवायचं होतं.

आमच्या माणसाशी मी गेल्या आठवड्यात बोललो. त्याची फाईल त्याने जपून ठेवली आहे: माहिती अधिकाराची उत्तरं, पासांच्या प्रती, गाड्यांचे नंबर, तारखा. ती त्याच्या घरात नाही आणि माझ्याकडेही नाही, ज्यांना शोधायची असेल त्यांनी आमच्या दारात येऊ नये. तो ती द्यायला तयार आहे. अट एकच आहे: एकाला देणार नाही. तिन्ही जिल्ह्यांतल्या निदान पाच-सहा पेपरांनी एकत्र बसून ती तपासावी, जे चुकीचं असेल ते काढून टाकावं, समोरच्यांचं म्हणणं घ्यावं आणि एकाच दिवशी सगळ्यांनी छापावी. त्याचं नाव नको. कुणाचंच नाव नको. एका तालुक्यात एक मोटरसायकल गाठता येते, तीन जिल्ह्यांतल्या सहा ऑफिसांच्या मागे कुणी गाडी लावू शकत नाही.

खर्च होईल, एखादी जाहिरात जाईल. माझंही कमिशन बुडेल, कारण अंक खपला नाही तर परत जाणारा गठ्ठा मलाच बांधावा लागतो. मी तो बांधीन.

६ जानेवारी जवळ येतोय. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. ते देवगडच्या पोंभुर्ल्याचे, आपल्याच किनाऱ्याचे. दरवर्षी पत्रकार दिनाच्या कार्यक्रमांना मंचावर मंत्री असतात, तहसीलदार असतात, शाल-श्रीफळ असतं. या वर्षी त्या कार्यक्रमात अर्धा तास मंच रिकामा करा, पाहुण्यांना चहाला पाठवा आणि आपापसात एवढंच ठरवा: आपल्या तालुक्यातून गेल्या दहा वर्षांत कोण कोण लिहायचं थांबलं, कोण निघून गेलं, आणि त्यांची अर्धी राहिलेली बातमी कोण पूर्ण करणार. यादी लांब निघेल असं मला वाटतं. प्रत्येक वार्ताहराला नेमणुकीचं पत्र देण्याचा ठराव त्याच बैठकीत करता आला तर करा, त्याला काही खर्च येत नाही.

फाईलबद्दल ज्यांची तयारी असेल त्यांनी आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींत तसं छापावं. मी रोज सगळे पेपर उघडतो, मला दिसेल.

फोन ठेवताना त्याने मला विचारलं, पहिली गाडी वेळेवर येते का, गठ्ठे भिजत नाहीत ना. मग थोडा थांबून म्हणाला, रात्री खाडीवर पंपांचा आवाज अजून येतो का?

येतो, मी म्हटलं.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता